कोपऱ्यातला डबा अन् शेळी नावाची ओढगाडी

मित्रांनो, एवढं लांब उभं राहू नका. मी एक जुनी ओढगाडी हाय, चावत न्हाई. या, हितं लिंबाच्या सावलीत बसा. माझ्या चाकाला टेकलात तरी चालंल.

लोखंडाचे घराएवढे डबे तुम्ही बघितलेच असतील, कंटेनर म्हणतात त्यांना. भोकरची हळद, लातूरची तूरडाळ, कापसाच्या गाठी, काय काय भरून ते जहाजानं दूरदेशी जातात. चाकांच्या ट्रेलरवर ठेवलेला असा डबा यार्डातल्या यार्डात ओढायचा, वळवायचा अन् रुळापाशी नेऊन उभा करायचा, हे माझं काम. कागदावर माझं नाव लई लांबलचक हाय, ते मलाच पाठ न्हाई. हितं समदे मला शेळी म्हणतात.

हसू नका. मी जन्माला येऊन पयल्यांदा जमिनीवर टेकले ना, तवा विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी दोन बोटं वर चढलं होतं. खोटं वाटतं? जा, धरणाला इचारा.

माझा जन्म नांदेडातला, गुलाम रसूल चाचाच्या वर्कशॉपात. माझं इंजिन उसाच्या ट्रॅक्टरचं, मागच्या चाकांचा आस एका म्हाताऱ्या बसचा, अन् पत्रा कुठकुठचा ते चाचालाच ठाऊक. मला घडवलं ते तनुजानं. लोह्याकडच्या शेतकऱ्याची ही पोरगी इंजिनिअर झाली अन् तिच्या डोक्यात एकच किडा शिरला. ट्रकचं पुढचं मुंडकं असतं ना, ज्याला ट्रकवाले घोडा म्हणतात, त्याला डबा वळवायला लई जागा लागते. ती म्हणायची, "चाचा, हा घोडा वरातीवानी वळतो, समदा रस्ता अडवून. मला बोळातून वळणारी गाडी पायजे. आखूड, पण ताकदीची."

"हौ बेटी," चाचा म्हणायचा, "आखूड तो बना देंगे. पर आखूड माणूस अन् आखूड गाडी, दोघांचं डोकं लवकर तापतं, हे ध्यानात ठेव."

तनुजा वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं माझी चित्रं काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. चहावाला यायचा अन् माझ्या चित्राच्या पोटावर कप ठेवायचा. असे माझे दिवस सुरू झाले.

ड्रायव्हरनं पुढं बी बघावं अन् मागचा डबा बी बघावा म्हणून गोल फिरणारी खुर्ची पायजे होती. चाचानं बाजारातल्या एका सलूनमधून जुनी खुर्ची उचलून आणली, डोकं टेकायच्या गादीसकट. मला चालवायला व्यंकट आला, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढण्यात उमर गेलेला गडी. खुर्चीत बसला, एक गिरकी घेतली अन् म्हणला, "ताई, गाडी चालवू का दाढी करू?"

तर पयली चाचणी. मागं दगडांनी भरलेला ट्रेलर जोडला. व्यंकटनं गिअर टाकला अन् मी काय केलं सांगू? पुढचे दोन्ही पाय वर! मी उलाळले. अशी उलाळले की मला थेट हैदराबादचा चारमिनार दिसला. तिथला बांगडीवाला मला बघून बांगड्या टाकून पळाला. बरं बरं, चारमिनार नसंल, शेजारच्या गल्लीतली पाण्याची टाकी असंल. पण उंच होतं काय तरी.

"काय न्हाई होत ताई," व्यंकट माझ्यावरनंच वरडला, "नाकावर चार माणसं बसवा! आमच्याकडं ऊस ओढताना असंच करतात."

अन् खरंच बसली की! चाचा स्वतः चढला, दोन वेल्डर चढले, चहावाला केटली घेऊन चढला. मी खाली आले, ट्रेलर बी हालला. समद्यांनी टाळ्या वाजवल्या, एकट्या तनुजानं न्हाई.

"अन् रोज हे चौघं कुठून आणू?" ती म्हणली. "चाचा, तुम्ही रोज नाकावर बसणार का?"

"चाय मिळंल तर बसतो ना!"

तनुजा हसली, पण तिचे डोळे माझ्या मागच्या आसावर होते. बैलगाडीत पोती मागं जास्त झाली की गाडी उलाळते, मग माणूस पोती पुढं सरकवतो. माझंबी तेच झालं होतं. ट्रेलर अडकवायची लोखंडी थाळी माझ्या मागच्या चाकांच्याबी मागं होती. तिनं ती कापून चाकांच्या पुढं आणून बसवली. आता डबा जेवढा जड, तेवढे माझे पाय जमिनीत घट्ट. तवापासून माझ्या नाकावर कुणाला बसायची गरज पडली न्हाई. चहावाला मात्र लई दिवस नाराज होता.

वळायची जादू तिनं ट्रॅक्टरकडूनच घेतली. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. बांधाशी आलं की गडी एकच ब्रेक दाबतो. ते चाक थांबतं, दुसरं फिरतं, अन् ट्रॅक्टर जागच्या जागी गिरकी घेतो. रस्त्याला लागलं की मात्र एक लोखंडी पट्टी लावून दोन्ही ब्रेक जोडायचे, न्हाईतर एकाच बाजूला ब्रेक लागून गाडी पलटी खाते. माझ्यात ते दोन्ही ब्रेक तसेच ठेवले होते. पट्टीबी तशीच होती. त्या पट्टीला इसरू नका, मित्रांनो. ती पुढं येणार हाय.

आता यार्डाचं सांगते. नाव न्हाई सांगत, तिथल्या भिंतीची अब्रू जाईल. झालं काय, हळदीनं भरलेला एक डबा कोपऱ्यात ट्रेलरवर उभा करून ठेवला होता. अन् त्याच्या पुढं कुणीतरी नवं गोदाम बांधलं! आधी डबा ठेवला, मग भिंत उठवली, अन् मग हार घालून उद्घाटनबी केलं. जेवण झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं, आता डबा बाहेर येणार कसा? दोन भिंतींमधून अरुंद बोळ अन् पुढं डावीकडं काटकोनात वळण. घोडा आत शिरला, पण वळायला गेला की त्याचं तोंड भिंतीला लागायचं. मालगाडी त्याच दिवशी दुपारी सुटणार होती. ती चुकली असती तर बंदरातलं जहाज गेलं असतं, अन् भोकरच्या शेतकऱ्यांची ती हळद कोपऱ्यातच पिवळी पडून राहिली असती. पिवळी ती असतेच म्हणा, पण तुम्हाला समजलं.

"भिंत पाडा," कुणीतरी म्हणलं.

यार्डाचे सुदर्शन साहेब कपाळावर हात मारून म्हणले, "अहो, तिच्यावरचा हार अजून सुकला न्हाई! पाडू कशी?"

तवा तनुजा मला घेऊन आली, चाचा अन् व्यंकटबी संगं. मला बघून घोड्यांचे ड्रायव्हर पोट धरून हसले. "घोड्याला जमलं न्हाई, अन् ही शेळी ओढणार?" तिथंच माझं बारसं झालं.

सुदर्शन साहेब काय वाईट माणूस न्हाई, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यावर डबा होता. तो म्हणला, "तनुजाताई, चाचणी-चाचणी म्हणून लई दिवस यार्डाचा पैसा तुमच्या ह्या गाडीत अडकून राहिला हाय. आज तिनं डबा काढला तर ती हितं कायमची. न्हाई काढला तर तो बघा चंद्रप्पा."

मी बघितलं. चंद्रप्पा म्हणजे उदगीरकडचा भंगारवाला. गळ्यात रुमाल, टेम्पोत गॅस कटर, अन् नजर अशी की बघितल्या-बघितल्या लोखंडाचं वजन सांगावं. तो माझ्याकडं बघून गोड हसला. मित्रांनो, माझ्या रेडिएटरातलं पाणी जागच्या जागी गार झालं.

तनुजानं माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"चला व्यंकटदादा," ती म्हणली. "बोळाच्या तोंडाशी आलात की डावा ब्रेक. नुसता डावा."

आम्ही आत गेलो. डबा जोडला. बापरे, काय वजन! पण माझे पाय घट्ट. मी बोळातून सरळ पुढं आले. वळणाशी आले. व्यंकटनं डावा ब्रेक दाबला अन्...

किर्रर्र! मी वळलेच न्हाई! दोन्ही चाकं घासत मी तशीच सरळ सरकले अन् समोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबले. पुन्हा मागं घेतलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"झालं," सुदर्शन साहेब म्हणले अन् खाली बघितलं. "चंद्रप्पा, ये रे बाबा."

चंद्रप्पा खडू घेऊन आला. माझ्या पोटावर त्यानं रेघ मारली. "हिकडनं कापायचं," तो आपल्या माणसाला म्हणला. "इंजिन येगळं, पाठ येगळी. सावकाश बे, चांगलं लोखंड हाय." वर मला थोपटलं. खाटीक बकरीला थोपटतो ना, तसं! अन् मी तर नावाचीच शेळी.

गुलाम रसूल चाचा माझ्या पुढ्यात येऊन आडवा उभा राहिला. "अप्पा, ठैरो जरा. ज्यानं जोडली त्याला निदान सलाम तरी करू दे."

अन् तनुजा कुठं होती? ती जमिनीवर बसली होती. लोकांना वाटलं, रडून राहिली. पण ती सिमेंटवर बोट फिरवत होती. चाकांच्या घासण्यानं तिथं काळे पट्टे उमटले होते. एकदम ती उठली.

"व्यंकटदादा, कुठला ब्रेक दाबला?"

"डावाच ताई. आईची आण!"

"मग उजवं चाक का घासलं? हे बघा, दोन पट्टे हायत. एकच पायजे!"

व्यंकटनं खाली पायाशी बघितलं. अन् त्याचं तोंड असं उघडं पडलं की त्यात चिमणीनं घर केलं असतं. दोन्ही ब्रेक जोडणारी पट्टी लागलेली होती!

"अगं बया! म्या लावली? म्या कधी लावली?"

कधी म्हणजे? यार्डाच्या फाटकातून आत येताना! पोरपणी त्याच्या बापानं त्याच्या पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं की मातीतून पक्क्या रस्त्यावर चाक चढलं की पट्टी लाव. पायाखाली सिमेंट आलं अन् त्याच्या हातानं आपोआप लावली, डोक्याला न इचारता. तिथं जमलेले जेवढे ट्रॅक्टर चालवलेले होते, समदे माना डोलवायला लागले. "म्या बी लावली असती." "मी तर लावूनच झोपतो!" हसणाऱ्या घोडेवाल्यांतला एक जण बी हळूच म्हणला, "मीबी."

"चूक तुमची न्हाई, माझी हाय," तनुजा म्हणली. "ट्रॅक्टरचे ब्रेक घेतले अन् ट्रॅक्टरवाल्याचा हात इसरले. साहेब, एकदा. फक्त एकदा."

सुदर्शन साहेबानं घड्याळ बघितलं, रूळ बघितला, चंद्रप्पाला बघितलं. शेवटी चंद्रप्पाच म्हणला, "जाऊ दे की साहेब. लोखंड कुठं पळून चाललंय?"

व्यंकटनं पट्टी काढली. खुर्ची फिरवून मागं बघितलं, पुढं बघितलं, अन् माझ्या कानात म्हणला, "शेळे, आज इज्जत राख."

मित्रांनो, मग मी वळले! काय वळले म्हणून सांगू! डावं चाक जागेवर रुतल्यावानी, अन् उजवं गरागरा. माझं नाक फिरलं, थाळी फिरली, मागून तो घराएवढा डबा निमूट फिरायला लागला. भिंत अन् डबा यांच्यात एवढीशी फट. त्या भिंतीवर एक पाल बसली होती. तिच्या शेपटीलाबी धक्का लागला न्हाई. तिनं फक्त मान वर करून बघितलं अन् पुन्हा माशी धरायला लागली. "डावीकडं! डावीकडं! आली, आली, आली!" समदं यार्ड वरडत होतं, घोडेवाले सगळ्यात जास्त. अन् डबा बाहेर! उन्हात! हळदीचा असा वास सुटला की नांदेडापासून लातुरापर्यंतच्या नवऱ्या मुली आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खोटं वाटतं? धरणाला... बरं, धरणाला न्हाई, त्या पालीला इचारा.

मालगाडी मिळाली. हळद गेली. सुदर्शन साहेबानं भिंतीवरचा हार काढला अन् माझ्या गळ्यात घातला. थोडा सुकलेला होता, पण चालतंय.

चंद्रप्पा मात्र कटर घेऊन तसाच उभा. "एवढ्या लांबून आलो," तो म्हणला, "काय तरी तर कापू द्या."

तनुजानं बोटानं दाखवलं. "ती पट्टी कापा मामा. हिला कुठं मोठ्या रस्त्यावर जायचंय? ही यार्डातच नांदणार."

अख्ख्या माझ्यासाठी टेम्पो घेऊन आलेला माणूस वीतभर पट्टी रुमालात बांधून घरी गेला.

नंतर मी लई वर्षं काम केलं. डबे किती ओढले ते मोजलं न्हाई, मोजणाऱ्याचं आयुष्य पुरायचं न्हाई. आता तनुजाच्या नव्या गाड्या आल्यात, बॅटरीवरच्या. आवाज न्हाई, धूर न्हाई. पण त्यांची थाळी बघा, मागच्या चाकांच्या पुढंच हाय. अन् एका बाजूचा ब्रेक दाबून गिरकी घेतात तीबी माझीच. नाती हायत माझ्या. मला मात्र कुणी चालू करत न्हाई. पाऊस पडतो, पत्रा गंजतो, खुर्चीवर लिंबाचा पाला साठतो. समदे आपापल्या कामात, बोलावं तरी कुणाशी?

एक माणूस मात्र येतो. चंद्रप्पा! आता काठी टेकत येतो. माझ्या पोटावरची खडूची रेघ जिथं होती तिथं हात फिरवतो, अन् मग पिशवीतून ग्रीसचा डबा काढून माझ्या सांध्यांना लावत बसतो.

"तुला तर मी शेवटी नेणारच," तो म्हणतो. "पण गंजकी न्हाई नेणार. चांगली राहा."

मला कापायला आलेला माणूस मला जपतो, तर तुम्ही का न्हाई? तुमच्या घरीबी असंल एखादं जुनं यंत्र, पंप, शिलाई मशीन, आजोबांची सायकल. त्याला थेंबभर तेल पाजा. त्यानं कुणाकुणाचं काय ओढलंय, ते त्याच्यापाशी बसल्याबिगर कळत न्हाई.

अन् आता चढा माझ्यावर, नुसतं बघत काय बसलात! पण पुढं बसा हां, नाकावर. समदे मागं बसलात तर मी उलाळीन, अन् तुम्ही उडून थेट भोकरच्या हळदीत जाऊन पडाल. मग आईला सांगा, पिवळं कशानं झालं ते.