अकरा वर्षांनी लहान

"अकरा! तब्बल अकरा वर्षं कमी!"

क्लिनिकचे मालक असलेले सर माइकवर ओरडले आणि तिसऱ्या मजल्यावरचा हॉल टाळ्यांनी दणाणला. मंचावर एक निवृत्त शिंपी नव्या नवरदेवासारखे लाजत उभे होते. मागच्या पडद्यावर आकडे झळकत होते. शरीराचं वय आधी ऐंशी, सलाईनच्या कोर्सनंतर एकोणसत्तर.

"मंडळी, म्हातारपण हा आजार आहे! आमच्या सलाईनमधले कण पेशीत शिरतात, पेशीच्या घड्याळाचा काटा धरतात आणि फिरवतात उलटा!"

मंचावरच्या वय मोजण्याच्या यंत्राशी नर्स उभी होती. ते शिंपी म्हणजे तिचे सासरे, बाबा.

गोळ्यांनी पेशी म्हाताऱ्या होतात, असं सरांनी सांगितल्यापासून बाबांनी ब्लडप्रेशरची गोळी सोडली होती. आज सकाळीच ते न्हाणीघरात भेलकांडले. नळ धरला म्हणून वाचले.

"बाबा, त्या आकड्यांत काही अर्थ नाही. मी रोज बघते ना," ती कळवळून म्हणाली होती.

"आयुष्यभर लोकांची मापं घेतली मी. तू मला माप शिकवणार?" मग आवाज बारीक करून म्हणाले, "मी जास्त जगलेलं खुपतंय का तुला, सूनबाई?"

नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "कशाला त्यांच्या आनंदात माती कालवतेस? आणि तुझा पगार तिथूनच येतो ना?"

बोलावं तर सासऱ्यांच्या वाईटावर टपलेली सून, गप्प बसावं तर डोळ्यांदेखत घात. इकडे आड, तिकडे विहीर.

"मग आता गोळ्यांचं काय?" मंचावर सरांनी माइक बाबांपुढे धरला.

"बंद! सगळ्या बंद!"

"माझ्याही बंद!" पहिल्या रांगेतल्या बाईंनी पर्समधलं गोळ्यांचं पाकीट काढून भिरकावलं. पुन्हा टाळ्या.

नर्स दाराबाहेर पडली, तिन्ही मजले धावत उतरली आणि तशीच धावत वर आली. धापा टाकत मंचावर चढून तिने यंत्राचा चिमटा बोटाला लावला आणि नळीत फुंकर मारली.

पडद्यावर आलं, एकसष्ट.

हशा पिकला. "मी तेहेतीस वर्षांची आहे," ती म्हणाली. "आता जरा थांबा."

"माइक बंद करा!" सर गरजले. पण तिच्या हातात माइक होताच कुठे? ती खुर्चीत बसली, कोमट पाणी प्यायली. श्वास जागेवर आल्यावर तिने पुन्हा फुंकर मारली.

पस्तीस.

"कुठलं सलाईन घेतलं मी? नुसती बसले. हे यंत्र नाडी आणि दम मोजतं, वय नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला जिने चढायला लावून दारातच मोजतात. कोर्स संपला की लिफ्टने आणून, बसवून, पाणी पाजून मोजतात."

"शंका घेतली की पेशी आक्रसतात, मंडळी!" सर घाईघाईने म्हणाले.

"पण माझ्या वेळी लिफ्ट बंद होती खरी," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"माझ्याही!"

"अहो, माझ्याही!"

बाबा पडद्याकडेच बघत होते. "म्हणजे मी ऐंशीचाही नाही आणि एकोणसत्तरचाही नाही?"

"तुम्ही चौऱ्याहत्तरचे आहात, बाबा. आणि गोळीवाचून तुमचं प्रेशर चढलंय." ती लोकांकडे वळली. "म्हातारपण लांबवायचं औषध उद्या खरंच निघेलही. निघालं तर बाबांना मीच घेऊन जाईन. पण औषध खरं असेल, तर मोजणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायला विकणारा घाबरणार नाही. मोजलं कुणी, कसं, कधी, एवढं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू गोळ्या सोडू नका."

"उद्यापासून येऊ नकोस!" सर म्हणाले.

टॅक्सीत तिच्याशेजारी बसल्यावर बाबांनी तोंड खिडकीकडेच फिरवलं. ड्रायव्हरला पत्ता मात्र त्यांनी घराचा दिला नाही. आपल्या जुन्या डॉक्टरांचा सांगितला.