शेवटच्या टोकाचा नळ

थांबा, आधी कुणी मध्ये बोलू नका, मला एका दमात सांगू द्या, नाहीतर अर्ध्यातच माझी हिंमत जाईल.

तर मी नळाच्या लाइनींचे नकाशे काढायच्या ऑफिसात लागले आणि दुसऱ्याच महिन्यात आमच्याच घराचं काम निघालं. आई गेल्यापासून बाबा तिकडे भाड्याच्या घरात एकटे होते. छातीचं दुखणं, डॉक्टरांनी बजावलेलं की गार पाण्यानं अंघोळ अजिबात नाही. म्हणून दादानं ठरवलं, मागच्या बाजूला एक खोली वाढवायची, तिला जोडून बाथरूम, आणि बाबांना कायमचं इकडे आणायचं. बाबांनी ते घर सोडलंसुद्धा. आणि दादा मला म्हणाला, "इंजिनीअरबाई, गरम पाण्याचं तुम्ही बघा. बाहेरच्या माणसाला कशाला बोलवायचं?"

मी तर हवेतच! माझा पहिला स्वतःचा नकाशा!

आता ऐका, यात सगळा खेळ असतो तो गिझर कुठे बसवायचा याचा. नळ उघडला की आधी पाइपात साचलेलं गार पाणी बाहेर पडतं, मग गरम येतं. म्हणजे गिझर जितका लांब आणि पाइप जितका जाड, तितकं थांबायचं. साधी गोष्ट आहे. आमच्या घरात बरोब्बर मधोमध एक कोनाडा आहे, माझ्या खोलीला लागून. तिथे गिझर बसवला असता तर स्वयंपाकघर, दादाचं बाथरूम, बाबांचं बाथरूम, सगळं सारखं जवळ. मी पहिल्यांदा तिथेच काढला होता.

पण त्या कोनाड्यात मला माझं टेबल हवं होतं.

हसू नका रे. खिडकी आहे तिथे, उजेड छान येतो. आणि वहिनी म्हणाली, "आमच्या बाथरूमच्या माळ्यावर आहे की जागा, तिथे टाका ना." मला तेच हवं होतं! मी नकाशावरचा गिझर उचलला आणि घराच्या त्या टोकाला नेला. बाबांची खोली या टोकाला. मधे अठरा मीटर पाइप.

आणि मी मोजलं होतं. हे नीट ऐका. पाऊण इंची पाइप, अठरा मीटर, म्हणजे साधारण सहा लिटर गार पाणी आत पडून राहणार. वर पाइप स्वतः तापणार. दोन-अडीच मिनिटं. मी कागदाच्या कडेला पेन्सिलनं लिहिलंसुद्धा, अडीच मिनिटं. आणि मनात म्हणाले, बाबांना कुठे ऑफिस गाठायचंय? थांबतील. मग खोडून टाकलं.

मिस्त्री जुना माणूस, त्यानं नकाशा बघितल्या बघितल्या विचारलं, "ताई, मागच्या बाथरूमला फार लांब पडतंय. निदान अर्धा इंची वेगळी लाइन टाकू का? लवकर येईल पाणी."

तर दादा मधेच, "अर्धा इंची? बाबांना? काही कमी पडायला नको त्यांना. पाऊण इंचीच टाका!" मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मला माहीत होतं, जाड पाइप म्हणजे गार पाणी जास्त. पण तोंड उघडलं असतं तर सगळा नकाशाच पुन्हा चर्चेला आला असता, कोनाड्यासकट. मी म्हणाले, "दादा म्हणतो तसं करा."

बाबा आले. आठवडा, दोन आठवडे, मी रोज विचारायचे, "बाबा, पाणी गरम येतं ना?" ते म्हणायचे, "येतं की. तुझंच काम आहे ना ते."

थंडी पडली, खोकला सुरू झाला. रात्रंदिवस नुसता खोकला. वहिनी म्हणाली खिडकी उघडी ठेवतात, दादा म्हणाला जुनंच आहे ते. एका रविवारी बाबांनी आतून टॉवेल मागितला. मी दार किलकिलं करून हात आत घातला, आणि माझी बोटं बादलीत बुडाली. कोमट पण नाही हो. गार!

आमचे बाबा, आम्ही लहान असताना बादल्यांनी चार मजले पाणी वर चढवायचे. ते स्वच्छ पाणी सोडून देणार? शक्यच नाही. नळाखाली छोटी बादली लावायची, आधी येईल ते गार पाणी पण त्यातच. गरम येईपर्यंत बादली पाऊणेक भरलेली. त्याच पाण्यानं अंघोळ. दोन महिने. मी ते गृहीतच धरलं नव्हतं. माझ्या गणितात गार पाणी मोरीत जात होतं.

त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. बरे झाल्यावर काका येऊन घेऊन गेला. बाबा जाताना म्हणाले, "चार दिवस बदल म्हणून जातो."

मग मी दादाशी भांडले. तो म्हणाला, "नव्या टाइल्स फोडू? डोकं फिरलंय का तुझं?" मी पण हटले नाही. टेबल काढलं, कोनाड्यात गिझर आणला, टाइल्स फोडल्या, अर्धा इंची लाइन टाकली. घड्याळ लावून बघितलं. वीस सेकंद!

काल गेले काकाकडे त्यांना आणायला. नाचतच गेले म्हणा ना. "बाबा, चला, वीस सेकंदांत गरम पाणी!"

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सहज विचारलं, "हे आधी कळत नाही का गं? की बसवल्यावरच कळतं?"

बघा ना, त्यांनीच मला वाट करून दिली होती. नाही कळत म्हटलं असतं तर बॅग भरली असती त्यांनी.

मी म्हणाले, "कळतं. मोजलं होतं मी."

"किती?"

"अडीच मिनिटं."

बाबा म्हणाले, "अच्छा." उठले, काकीला म्हणाले, "हिला चहा टाक, लांब जायचंय हिला एकटीला."