कप्तानाचे डोळे

ओरेस्तेनं चौकटीत बसवायला आपल्या चित्रकथेचं पान उचललं आणि कप्तान ड्रालचा चेहरा गळून टेबलावर पडला.

नखाएवढा कागदाचा तुकडा. मागचा डिंक वाळून पिवळा पडलेला. ओरेस्तेनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कप्तानाचं धड जागच्या जागी होतं आणि मानेवर, तुकड्याखाली दडलेला, त्यानं स्वतः काढलेला चेहरा उघडा पडला होता. त्यानं दुसऱ्या पानावर नख फिरवलं. तिथलाही निघाला. मग तिसऱ्यावरचाही.

उद्या इथंच, रेज्जोच्या नगरवाचनालयात, त्याच्या उभ्या हयातीतल्या चित्रकथांचं प्रदर्शन होतं. दारावर फलक लागला होता, 'कप्तानाचे डोळे'. पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळं गाव हेच म्हणत आलं होतं, डोळे काढावेत तर ओरेस्तेनं! तो मिशीतल्या मिशीत हसायचा. छापलेला अंक मात्र त्यानं जन्मात उघडला नाही. छापलेली चूक दिसली की त्याचा हात आठवडाभर चालायचा नाही. मूळ पानंही इतकी वर्षं कचेरीतच पडून होती, प्रदर्शनासाठी आजच आली होती. मुखपृष्ठावरचा कप्तान जरा जास्तच देखणा वाटे, पण मुखपृष्ठं काढणारा वेगळा. त्या लोकांचं काय, ते गाढवालाही लाली लावतील.

त्यानं मान वर केली तर दारात तूल्लियो उभा. शाळेपासूनचा मित्र. चित्रकथेच्या कचेरीत जन्म काढलेला, आजही दर रविवारी ओरेस्तेकडे सारण भरलेली तोर्तेल्ली हाणायला येणारा. टेबलावरचे तुकडे पाहून तो जागीच थबकला. खिशातून अर्धवट बाहेर आलेल्या त्याच्या हातात डिंकाची ट्यूब होती.

"डिंक घेऊन आलायस," ओरेस्ते म्हणाला. "म्हणजे ठाऊक होतं तुला, गळणार ते."

तूल्लियो खुर्चीवर टेकला.

"अरे, पहिल्याच अंकाला मालक तुला काढून टाकणार होते. 'हा कप्तान आहे की पोस्टातला कारकून?' म्हणाले. मग मीच नवे चेहरे काढून वर चिकटवायला लागलो. तुझं काम टिकावं म्हणून..."

"माझं काम! आणि रविवारी माझ्याच घरी जेवून म्हणायचास, वाचक तुझ्या डोळ्यांवर वेडे झालेत! डोळे तुझे, आणि मान ताठ करून गावभर फिरायचो मी. विदूषक केलास माझा."

"नंतर सांगवेना रे."

"केसानं गळा कापलास, तूल्लियो."

ओरेस्तेनं पान त्याच्यापुढे सरकवलं. लांब नाक, पडलेल्या पापण्या, बाहेर आलेला एक कान.

"कुणाचा चेहरा हा, ओळखलास?"

"पहिल्याच दिवशी." तूल्लियोनं नकळत कानावर हात नेला. "मालकांनी पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हसले. मग सगळी कचेरी हसली. तेव्हापासून दर सोमवारी स्वतःचंच तोंड झाकत बसायचो."

ओरेस्तेनं पान परत स्वतःकडे ओढलं. शूर आणि इमानी माणूस काढायचा म्हटल्यावर तेव्हा त्याला दुसरा चेहरा सुचलाच नव्हता.

त्यानं डिंकाची ट्यूब उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. पान तसंच, उघड्या चेहऱ्यानिशी, चौकटीत बसवलं आणि दारासमोरच्या पहिल्या खिळ्याला टांगून सरळ केलं.

तूल्लियो उठला. टोपी हातात फिरवत म्हणाला,

"उद्या येऊ ना रे मी?"

"कशाला?" ओरेस्तेनं मागं वळून पाहिलं नाही. "तोंड आहेच की तुझं भिंतीवर."