अबू सत्तामचा अंगठा आणि मी

मी परात बोलतेय. ताट म्हणाल तर खबरदार! दहा-बारा माणसं भोवती उभी राहून माझ्यात हात घालतात. गावात लग्न असो की मयत, "नायफकडची परात आणा" असाच निरोप निघतो.

दमास्कसच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. नायफच्या बापाने मला करकला, या गावी आणलं, आणि तेव्हापासून मी मन्सफ मिरवत आले. खाली पातळ पोळी, वर भात, त्यावर मेंढीचं मटण आणि मधोमध तिचं डोकं, मानाच्या पाहुण्याकडे तोंड करून. वरून जमीदचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा आंबट रस्सा. मटण शिजतं ते त्याच रश्श्यात.

मला चेहरे फारसे दिसत नाहीत, हात दिसतात. हावरट हात, लाजरा हात, मऊ तुकडा दुसऱ्यापुढे सरकवणारा हात. नायफचा हात या शेवटच्या जातीचा. गाव त्याला मुलाच्या नावाने अबू सत्ताम, म्हणजे सत्तामचा बाप म्हणतं.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. चादर लागली तरी हा कळवळायचा. डॉक्टर म्हणाला, "गाउट आहे. रक्तात युरिक ॲसिड वाढलंय. मटण अगदी कमी, कलेजी-मेंदू बंद, पाणी भरपूर, गोळी रोज. नाहीतर सांधा जाईल."

मेहुण्याने घरात येऊन थट्टा केली, "राजांचा रोग रे बाबा! राज्य कुठंय तुझं?"

नायफ हसला नाही. सत्तामचं लग्न ठरलं होतं. दारात ताठ उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं, एवढंच त्याला हवं होतं.

"कुणापाशी बोलू नकोस," त्याने बायकोला बजावलं. "लंगड्याच्या घरी मुलगी दिली म्हणतील."

"म्हणू देत की! पाय तुझा दुखतो की त्यांचा?" उम्म सत्ताम म्हणाली. पण गप्प राहिली बिचारी. तिने कंबर कसली. घरात दही, काकडी, गव्हाचा दलिया. पाण्याचा तांब्या त्याच्या उशाशी.

बाहेर जेवून आला की हा छाती फुगवून सांगायचा, "मटणाला हातसुद्धा लावला नाही!" लावला नाही, खरंच. पण रश्श्यात भिजलेला भात मात्र पोटभर हाणायचा. मटणातलं नको ते सगळं त्या रश्श्यात उतरतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. "इतकं पाळतोय, तरी ठणका का थांबत नाही?" ती रडकुंडीला यायची.

लग्नाच्या तोंडावर व्याह्यांनी जेवण ठेवलं. मला उसनं नेलं. नवरीचे आजोबा हाजी मिफ्लेह. त्यांनी डोक्यातली जीभ तोडली आणि नायफपुढे धरली.

"पोट भरलं, हाजी."

"एवढ्यात? की आमच्या मेंढीत काही खोट आहे, अबू सत्ताम?"

सगळे हसले. नायफने बोटं माझ्या काठावर पुसली. सांग रे बाबा, सांग एकदाचं! मी मनातल्या मनात ओरडत होते. त्याने जीभ खाल्ली. मग मेंदू आला. तोही खाल्ला. राखली एकदाची लाज!

अंगठा पुन्हा असा सुजला की लग्नाच्या दिवशी नायफसाठी दारात खुर्ची मांडावी लागली. पाय उशीवर. येणारा प्रत्येक पाहुणा वाकून त्याच्या गालाला गाल लावी, आणि हा मान खाली घाली. बापाच्या जागी सत्ताम उभा होता. नवरदेवालाच पाहुण्यांचं स्वागत करावं लागलं हो!

यजमानाने स्वतः जेवायचं नाही, उभं राहून वाढायचं, ही आमची रीत. मला आत आणलं तेव्हा हाजी म्हणाले, "तुम्हाला उभं राहून वाढता येत नाही ना? मग आमच्याबरोबर खा." आणि पुन्हा जिभेचा तुकडा पुढे आला.

"नको, हाजी," नायफ म्हणाला. "मला गाउट आहे. त्या दिवशीही होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खाल्लं."

हाजींचा हात तसाच राहिला. "अरे लेका! तुझा पाय मोडून मला कसला मान मिळणार होता?"

मग समोरचा एक जाडजूड हात मटणावरून मागे सरकला. पाठोपाठ दुसरा. "मलाही डॉक्टरने..." कुणीतरी पुटपुटलं. माझ्या तर अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी या हातांना मान वाढत होते की दुखणं?

आता मी बहुतेक वेळ फळीवर पालथी असते. रश्श्याचं गुपितही पुढे डॉक्टरनेच फोडलं. हल्ली ठणके कमी येतात, पण अंगठ्याचा सांधा गेला तो गेला. नायफ काठी घेऊन चालतो.

मला काढा, माणसं बोलवा, खुशाल जेवू घाला. फक्त पाहुण्यापुढे तुकडा धरण्याआधी एकदा विचारा, "तुम्हाला चालतं ना?" आणि चालत नसेल तर पाहुण्यांनो, तुम्हीही सांगा. लग्नाआधी सांगा, नंतर नको. सत्ताम एकुलता एक आहे. दारात उभं राहायचा तो दिवस नायफला पुन्हा मिळायचा नाही.