बापाने मारलेला पहिला जोडा

मी एक जुना फ्लेक्स आहे, मित्रांनो. माझी जात तुम्हाला ठाऊक आहे. वाढदिवस, निवड आणि श्रद्धांजली सांगत आम्ही चौकाचौकांत लटकत असतो आणि खालून जाणारी माणसं मान वर करून आपला फोटो शोधत असतात. सध्या माझा मुक्काम उमापूरच्या पलीकडच्या एका वस्तीवर, सटवाच्या शेळ्यांच्या छपरावर आहे. माझ्या वासाबद्दल काही बोलू नका. तो मलाही येतो.

माझा जन्म गेवराईला जमीलभाईंच्या दुकानात झाला. मशिनीतून मी सरकत बाहेर आलो तेव्हा आधी फुटबॉल उमटला, मग अंजूचे मोजे, गुडघे आणि शेवटी तिचा हसरा चेहरा. अंजू ही सटवाची थोरली लेक. शेळ्यांमागे पळता पळता ती शाळेच्या संघात गेली, तिथून जिल्ह्याच्या, आणि विसाव्या वर्षी परराज्यातल्या एका व्यावसायिक क्लबाने तिच्याशी करार केला. माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'गावाची वाघीण'. कोपऱ्यात गोल चौकटीत हात जोडलेले सुंदरराव होते, कारण फ्लेक्स त्यांनी लावला होता.

"सुंदरराव, पोरीपेक्षा तुमचाच फोटू मोठा व्हायलाय," जमीलभाई हसून म्हणाले.

"होऊ द्या की. पोरगी आज हाय, उद्या न्हाई. आमी हावच."

सुंदरराव मुकादम. ऊसतोडीसाठी नवरा-बायकोच्या जोड्या गोळा करून त्यांना कारखान्याला न्यायचं हे त्यांचं काम. अशा जोडीला आमच्याकडे कोयता म्हणतात. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. म्हणून दिवाळी जवळ आली, की आमच्याकडे लग्नांची घाई सुटते आणि नवरीचं वय कुणी पाहत नाही.

पण तेव्हा माझे दिवस चांगले होते. मला चौकात चढवलं, माझ्यावर दूध ओतलं, सटवाच्या खांद्यावर शाल टाकली. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर वस्तीवरच्या मुली फुटबॉल खेळू लागल्या. त्यात अंजूची धाकटी बहीण शिवकन्या होती, नववीतली. तिचा डावा पाय असा काही चालायचा, की गोलात उभी राहायला कुणी तयार होत नसे. घरी जाताना ती माझ्याखाली थांबून सांगायची, "अक्का, आज दोन मारले." तिने एवढं सांगितलं, की माझा ऊर भरून यायचा.

दसरा झाला. एका सामन्यात अंजूने गोल केला आणि सामन्यानंतर तिच्यापुढे माईक आला. विचारलं होतं गोलाबद्दल. ती म्हणाली, "माझी बहीण नववीत आहे. दहावी झाली की तिचं लग्न करायचं ठरलंय. ऊस तोडायला जोडी लागते, म्हणून आमच्याकडे शाळकरी मुलींची लग्नं लावतात. कुणीतरी हे थांबवा."

तिचं हे बोलणं दोन दिवसांत प्रत्येक फोनवर पोचलं. क्लबाने लगेच कळवलं, की हे खेळाडूचं वैयक्तिक मत आहे, आणि पुढचे काही सामने तिला बाहेर बसवलं. गावाने तर कमालच केली. ती खोटं बोलली का, हे कुणी विचारलं नाही. गावाची अब्रू गेली, एवढंच सगळे म्हणाले आणि जोडे मारो आंदोलन ठरलं. त्यासाठी फोटो लागतो. तो मीच होतो.

आदल्या दिवशी सुंदररावांनी सटवाला आणि त्याची बायको अंजना हिला माझ्याखाली बोलावून घेतलं.

"सटवा, पहिला जोडा तुझा. बापानंच मारला म्हंजी पोरगी खोटी ठरती."

"मालक, लेक हाय वं माझी."

"आन धाकटी? थोरलीचं बोलणं ऐकून सुग्रीव म्हंतोय, लगीन ह्याच सीझनला उरका." सुग्रीव म्हणजे शिवकन्येसाठी पाहिलेला मुलगा, सुंदररावांच्याच टोळीतला. "तू जोडा मार. मी त्याला दहावीपस्तोर थांबीवतो. माझा शब्द हाय."

अंजना म्हणाली, "मारा. एकीचा फोटू हाय, दुसरीचा जलम हाय."

दुसऱ्या दिवशी मला चौकात उतरवून दोन बांबूंना ताणून बांधलं. जोडे सुरू होण्याआधी एक कार्यकर्ता पातं घेऊन आला. त्याने सुंदररावांचा गोल चेहरा हळुवार कापून काढला आणि रुमालात गुंडाळून ठेवला, साहेबांना चुकून लागायला नको म्हणून. अंजूसाठी कुणी पातं आणलं नव्हतं.

सटवाने पायातली वहाण काढली. नाल ठोकलेली, जड, शेळ्या राखणाऱ्याची वहाण. ती त्याने चित्रातल्या फुटबॉलवर मारली.

"थोबाडावर मार बे!" गर्दीतून आवाज आला. मारायला सांगणारा त्याच्या लेकराच्या वयाचा होता.

मग सटवाने तोंडावर मारलं. मला लागत नाही, मित्रांनो, मी प्लास्टिकचा आहे. त्याच्यामागून सगळे तुटून पडले. माझ्यावर दूध ओतणाऱ्यांतला एकही जण घरी थांबला नव्हता. शेवटी मैदानावरच्या मुलींना पुढे उभं केलं. एकेकीने रडत मारलं. शिवकन्येच्याही हातात तिचीच चप्पल दिली. तिने ती खाली ठेवली, पाय सरकवून घातली आणि घरी चालू लागली.

"बघितलं?" सुंदरराव म्हणाले. "पायातली वहाण पायातच बरी. हिला आत्ताच उजवा."

"मालक, शब्द..." सटवा म्हणाला.

"शब्द पोरीनं मोडला. मी न्हाई."

त्याच आठवड्यात लग्न लागलं. मांडवाला कापड कमी पडलं, म्हणून मला वर टाकलं, चित्र आभाळाकडे आणि पांढरी पाठ खाली. अंजूने बालविवाह रोखणाऱ्या सरकारी कार्यालयात फोन केला होता. तिथून चौकशी आली ती सुंदररावांकडेच. "वास्तुशांत हाय साहेब, जेवायला या," ते म्हणाले. खाली मंगलाष्टकं चालली होती आणि वर अंजू हसत होती. छापलेलं हसू मला आवरता येत नाही.

शिवकन्या कोयत्याला गेली. माघात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेली फळी चढताना तिचा तोल गेला, तेवढ्यात ट्रॉली सरकली आणि डावा पाय चाकाखाली सापडला. पाय कसाबसा बांधला. तोड चालू राहिली. सीझन संपल्यावर सुग्रीव तिला माहेरी सोडून गेला. "लंगडी घिऊन काय करू? म्या पुन्ना अर्धाच कोयता," एवढं बोलून त्याने गाडी वळवली. सटवाने तिच्याकडे शेळ्या सोपवल्या. तोवर मी छपरावर आलो होतो. चित्राची बाजू त्याने आत घेतली. ऊन लागू नये म्हणून की लोकांना दिसू नये म्हणून, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

उन्हाळ्यात अंजूची भारताच्या संघात निवड झाली. गावाची अब्रू परत आली. चौकात माझ्या दुप्पट फ्लेक्स लागला, डॉल्बी आली, आणि सुंदररावांनी सटवाला पुन्हा शाल दिली. सटवाने ती घेतली. न घेऊन शेळ्या कुठे चारणार होता?

अंजू आली, ती हार न घेता सरळ इकडे आली. बहिणीसाठी तिने खोकं आणलं होतं. आत स्टड लावलेले नवे बूट होते, खऱ्या खेळाडूंचे. शिवकन्या माहेरी आलीय एवढंच तिला ठाऊक होतं, पायाचं कुणी कळवलं नव्हतं. थोरलीचा खेळ बिघडेल, म्हणून अंजनाने फोनवर ते टाळलं होतं.

शिवकन्येने उजवा बूट घातला. अगदी बरोबर बसला. डावा जाईना. अंजूने गुडघ्यावर बसून नाडी सैल केली, जीभ वर ओढली, आणि मग तिने पाय हातात घेऊन पाहिला.

"मला कावून सांगितलं न्हाईस?"

"तू मला कवा इचारलं?" शिवकन्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुझं बोलणं आख्ख्या देशानं ऐकलं, अक्का. बोलायच्या आदी मला एकडाव इचारायचं. माझी दहावी तरी झाली असती."

बाहेर कुणीतरी ओरडलं, "वाघीण कुटं गेली? फोटूला उभी करा!" अंजू तशीच बसून राहिली.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कुणाला डोक्यावर घेण्याआधी त्याच्या घरी जाऊन या आणि मागे कोण राहिलंय ते बघा. आम्हा फ्लेक्सांना दूध घाला, जोडे मारा, आम्हाला काही होत नाही. शिवकन्येने दोन्ही बूट खोक्यात ठेवले, खोकं बहिणीच्या मांडीवर दिलं आणि लंगडत शेळ्या सोडायला गेली. तिच्या मागे उठून एकही जण गेला नाही.