लाल तेवढं

"बाबा, आता खायले काहीच हरकत नाई," ओमेश्वरने मोबाइल बापापुढे धरला. "हा डॉक्टर अमेरिकेतला आहे. लाल मांस वाईट नसते म्हनते. वाईट भात असते."

ओसरीत टेकून बसलेला बकाराम हसला. "भात वाईट? मंग आपला अख्खा जिल्हाच मेला पायजे होता गा."

"मामा, तुमी आयका तर खरं."

"आयकलो. मागं तुमचेच डॉक्टर म्हनत होते, मटन खाल तर मराल. आता म्हनतेत, भात खाल तर मराल. मरनं काही सुटत नाई."

उमरावने मोबाइलकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यातला गोरा माणूस काय बोलतो ते त्याला कळत नव्हतं. आतून मटणाच्या फोडणीचा वास येत होता. सून रीता चुलीपाशी होती.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. सकाळीच पोरांनी आरोळ्या देत नारबोदेचा पुतळा शिवेबाहेर नेला होता. गावात बकरे पडले होते, पळसाच्या पानांवर हिस्से लागले होते. उमरावचा हिस्सा शेजारच्या मनिरामने आणून दिला आणि जेवायला तोही थांबला. उमरावची बायको चंद्रकांता गेल्यानंतरचा हा पहिलाच पोळा. घरात माणूस गेलं की सण उठवायला पाहुणा यावा लागतो, त्याशिवाय कढई चढत नाही. म्हणून चंद्रकांताचा भाऊ बकाराम कोहमाऱ्याहून आला होता.

उमराव गावच्या तलावाचा पाणकर. तुडुमाचं दार उघडायचं, पाटाला पाणी सोडायचं, आधी कोणाच्या धानाच्या बांधीत आणि मग कोणाच्या ते पाहायचं, हे त्याचं काम. ज्याच्या धानाला पाणी उशिरा पोचलं तो शिव्या देतो. ज्याला आधी मिळालं तो कमी मिळालं म्हणून देतो. उमराव दोघांनाही 'माहंच चुकलं' म्हणायचा आणि घरी यायचा. चंद्रकांता चिडायची.

"तुमचं नाई चुकलं तरी तुमी काऊन म्हनता जी?"

"म्हनलं का भांडन मिटते. मले काय लागते त्याले?"

काही वर्षांपूर्वी त्याच्या छातीत कळ आली. गोंदियाच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि खाण्यापिण्याचं सांभाळा म्हणाला. त्याच आठवड्यात टीव्हीवर चर्चा लागली होती. चार चौकटींत चार माणसं, चौघंही एकदम बोलणारी, आणि खाली पट्टी सरकत होती: लाल मांस, हळूहळू भिनणारं विष? चंद्रकांता तांदूळ निवडत होती. सूप मांडीवर तसंच ठेवून तिने शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "लाल तेवढं काढून टाकलं का झालं."

पुढच्या वेळी घरात मटण आलं तेव्हा ती गंजात मटण घेऊन हातपंपावर गेली. एक पाणी टाकलं, दुसरं टाकलं. पाणी नितळ निघेपर्यंत ती मटण चोळत राहिली. परत आली तेव्हा मटण पार फिकं पडलं होतं, भिजलेल्या सुतळीसारखं. त्यात लाल तिखट घातलं नाही, तर्री येऊ दिली नाही. हिरवी मिरची, धने आणि घट्ट व्हायला थोडं तांदळाचं पीठ. तेव्हापासून घरात मटण असंच व्हायचं. ओमेश्वर नागपूरहून आला की त्याच्यासाठी लाल रस्सा वेगळा व्हायचा. ती स्वतः मात्र उमरावबरोबर पांढरंच खायची. एकट्या माणसाला वेगळं रांधून दिलं की त्याला आजारी असल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं.

पुढे डॉक्टरने उमरावला समजावून सांगितलं होतं. बकऱ्याचं मटण म्हणजे सगळंच लाल मांस. धुतल्याने काही होत नाही. तो घरी आला तेव्हा चंद्रकांता दारातच गंज घेऊन उभी होती.

"पाहा, कसं पांढरंफेक निघालं."

"हो, निघालं," तो म्हणाला.

सांगितलं असतं तर मटण घरातून कायमचं बंद झालं असतं, एवढा विचार त्याच्याही डोक्यात होता. पण तेवढाच होता असं नाही. पंपावर हात दुखवून आलेल्या बाईला ते सांगायचं त्याच्याने झालं नाही. महिन्यातून एकदा आपण लाल मांसच खातो आहोत, हे त्याला ठाऊक असायचं. त्या मटणाला चव नसायची, आणि तो मागून घ्यायचा.

या उन्हाळ्यात ती मोहफुलं वेचून आली, टोपली खाली ठेवली, पाणी मागितलं, आणि उमराव पाणी घेऊन येईपर्यंत गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय. तिच्या छातीची चौकशी कोणी कधी केली नव्हती.

रीताने पानं वाढली. रस्सा लालभडक होता, वर तर्री तरंगत होती. मनिरामने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"असं मटन या घरात किती वरसांनी झालं."

ओमेश्वरला तेवढं पुरलं. "मामा, तुमाले मायची गोष्ट माहीत आहे का? माय मटन धुवाची. टीव्हीवर आयकलं, लाल मांस वाईट. तिले वाटलं, लाल म्हंजे रंग. पंपावर नेऊन घास घास घासाची, कपडे धुते तसं."

मनिरामला ठसका लागला. "साबन लावे का?"

"साबनच राह्यलं होतं."

बकारामही हसला. हसता हसता म्हणाला, "माही बहीन लहानपनापासूनच तशी. भोळी."

"आता हे गावात सांगाच लागते," मनिराम पाणी पीत म्हणाला. "चंद्रकांताबाईचा धुतलेला बकरा."

उमराव भात कालवत होता. त्याचा हात थांबला. गावात गोष्ट कशी चिकटते ते त्याला माहीत होतं. भोजराजची आई एकदा गोंदियाच्या दवाखान्यात लिफ्टला खोली समजून बाहेर चपला काढून आत शिरली होती. ती मरून कितीतरी वर्षं झाली. तिचं नाव आता गावात कोणाला आठवत नाही, चपला आठवतात. म्हातारीने वाढवलेली सहा पोरं, तिने लावलेली आंब्याची झाडं, सगळं त्या चपलांखाली गेलं.

"तिले नोका हासू," उमराव म्हणाला. "मीच सांगतलो होतो तिले."

"काय सांगतले?" ओमेश्वरने विचारलं.

"धुवाले. टीव्हीवरचं मी आयकलो. मले वाटलं, लाल रंगाचंच म्हनून राहिले. तुही माय म्हने, असं नसते जी, मटन म्हंजे मटनच. धुतल्यानं काय होते? मीच आयकलो नाई. माह्यासाठी धुवे बिचारी."

मग मनिराम मोठ्याने हसला. "वा रे डॉक्टर. पानकर तो पानकर. जे दिसन त्याले पानी लावते."

"पन मायच तर मले फोनवर म्हने," ओमेश्वर म्हणाला, "लाल तेवढं काढून टाकतो म्हनून."

"मी जे म्हनलो तेच तुले सांगतलं तिनं. नवऱ्याले मूरख म्हनन का पोरापाशी?"

ओमेश्वर आणखी बोलणार होता. रीता दारात पळी घेऊन उभी होती. तिने सासऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पानात न विचारता भात वाढला.

"बस, बस," ओमेश्वर म्हणाला, "भात कमी खाऊन राहिलो मी."

"गुमान खा," रीता म्हणाली.

बकाराम हसायचा थांबला होता. "बाई मले नेहमी सांगे," तो सावकाश म्हणाला, "भाऊजी कोनाचं आयकत नाई म्हनून. मी म्हनो, तूच सांगाले चुकत असशीन."

"नाई," उमराव म्हणाला. "तिचं बराबर होतं."

बकारामने मान हलवली आणि मटणाचा तुकडा फोडला. त्याचा चेहरा सैल झाला होता. मग तो पानातली फोड उचलून भाचसुनेला म्हणाला, "पहिले धुतलं तर नाई ना वो?" आणि पुन्हा सगळे हसले. या वेळी उमरावही हसला.

मनिराम शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी गोष्ट चहाच्या टपरीवर गेली, तिथून आटाचक्कीवर. भाद्रपदात पावसाने ओढ दिली, धानाला पाणी हवं झालं, तोवर नाव पक्कं झालं होतं.

"ओ धुलाई डॉक्टर, माह्या बांधीत पानी कवा?"

"उद्या," उमराव सांगतो.

एका सकाळी तो तलावाच्या पाळीवरून चालला होता. खाली घाटावर बाया कपडे धूत होत्या. कोणीतरी चंद्रकांताचं नाव काढलं.

"बाई शहानी होती वो," एक म्हणाली. "नवराच कसा काय तसा भेटला तिले."

"मंग काय तं," दुसरी म्हणाली.

उमरावने ते ऐकलं. तो थांबला नाही. पाळ उतरून पाटाच्या टोकाला गेला, चिखलात हात घालून पाणी अडवणारी मातीची पार काढली आणि सगळ्यात शेवटच्या बांधीकडे पाणी वळवलं.