पडद्यावरचा अर्धा देव

मित्रांनो, मी एका नाटकमंडळीचा जुना दर्शनी पडदा आहे. मी बाजूला कधी होतो, याचीच लोक वाट पाहतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. पडद्याचा जन्मच तसा. पण एकदा माझे उभे दोन तुकडे व्हायची वेळ आली होती. ती हकिकत सांगतो.

जाड सुती कापडाचे पट्टे जोडून मला शिवले. माझ्यावर देवाचे चित्र काढायला मंडळीच्या मालकांनी एक रंगारी बोलावला. हात सोन्याचा, पण माणूस लहरी. चित्र पुरे होईपर्यंत देव कोणता, हे तो कोणाला सांगत नसे. शिडीवर चढून त्याने चंद्रकोर काढली, कपाळावरचा डोळा काढला, पाश धरलेला एक हात काढला. मग काळ्या रंगाचा डबा माझ्यावर लवंडला. "उद्या येतो," म्हणून तो गेला तो गेलाच.

पहिला प्रयोग तोंडावर आला होता. मालकांनी मला उलटा टांगला. कोरी बाजू प्रेक्षकांकडे आणि अर्धे चित्र आत. मग माझ्यासमोर उभे राहून त्यांनी तिथल्या तिथे प्रार्थना रचली:

माथ्यावरी चंद्रकोर, भाळी उघडा डोळा,
एका हाती पाश, बाकी मेघ दाटे काळा;
दिसले तेवढे गायिले मी जोडुनिया कर,
उरले रूप तुझे तूच आता पुरे कर.

पुढे प्रत्येक प्रयोगाआधी बंद पडद्याआड हीच प्रार्थना होऊ लागली. लोक म्हणत, "काय गूढ आहे!" मला हसू येई, पण पडद्याला तोंड कुठे असते?

मालक वारले तेव्हा त्यांची मुले, दादा आणि ताई, लहान होती. माझ्या घड्यांत लपंडाव खेळत. जुने नट पांगले. मी विरलो, तेव्हा शिंप्याने आतून अस्तर ठोकून दिले. चित्र झाकले गेले आणि विसरलेही गेले.

मुले मोठी झाली. दादा नाटके बसवू लागला, ताई गाऊ लागली. एका नव्या नाटकाला दादाने ठरवले की प्रार्थना ज्या देवाची आहे, त्याची मूर्ती रंगमंचावर ठेवायची. त्याने शंकर आणला. ताईने देवी आणली. दुसरी घंटा झाली, बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या, तरी चौथरा रिकामाच.

"चंद्रकोर, तिसरा डोळा. शंकर नाही तर कोण?" दादा म्हणाला. "काळा मेघ म्हणजे जटा!"

"देवीलाही चंद्रकोर असते. आणि पाश देवीच्या हातात असतो, दादा. काळा मेघ म्हणजे कालीचा रंग."

मालकांच्या मागे मंडळीत आलेले पेटीवाले काका खाकरले. "पाश तर गणपतीच्याही हातात असतो. आणि भालचंद्र कोणाला म्हणतात?"

"काका, तुम्ही सूर धरा!" दोघे एकदम ओरडले. तेवढ्यापुरते त्यांचे एकमत झाले.

"बाबांच्या प्रार्थनेपुढे भलता देव ठेवलास, तर मी गाणार नाही," ताई म्हणाली.

"नको गाऊस. उद्यापासून तुझी मंडळी वेगळी, माझी वेगळी. सामान अर्धं अर्धं."

"पडदासुद्धा?"

"पडदासुद्धा. मधोमध फाडू."

माझ्या धाग्याधाग्याला कापरे भरले. माझ्यामागे लपणारी हीच का ती पोरे?

"मग उद्या कशाला? आत्ताच घे!" म्हणत ताईने माझी एक कड धरली. दादाने दुसरी धरली. दोघांनी ओढले. टर्रकन आवाज झाला आणि मला वाटले, संपलो.

पण फाटले ते अस्तर. ते ढीग होऊन खाली पडले.

दोघे जागच्या जागी थिजले. समोर चंद्रकोर होती, डोळा होता, एक हात होता. खाली एक मोठा काळा डाग आणि नुसते कापड.

दादाने काळ्या डागावर बोट फिरवले. "अगं, हा मेघ... हा तर सांडलेला रंग आहे."

ताईने शेवटची ओळ पुटपुटली. ती हसू लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "दादा, बाबांना तरी कुठे माहीत होतं रे!"

तिसरी घंटा झाली.

"मूर्ती?" दादाने हळूच विचारले.

"चौथरा रिकामाच राहू दे."

दोघे वडिलांसारखे माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. काकांनी सूर धरला. दादा जन्मात गायला नव्हता, तो त्या दिवशी गायला. बेसूरच गायला, पण ताईने त्याला टोकले नाही. मग दोरी ओढली गेली आणि मी उघडलो.

मित्रांनो, जुन्या वस्तूला अस्तर जरूर लावा, पण आधी तिची आतली बाजू एकदा पाहून घ्या. कोणी तरी तिच्याकडे पाहत हात जोडलेले असतात. आता मला अस्तर नाही. विरलेल्या जागी ताई टाके घालते, दादा दिवा धरतो. त्या रंगाऱ्याची मी अजून वाट पाहतो. पण तो आलाच, तर हे दोघे त्याला शिडीवर चढू देतील असे वाटत नाही.